आत्याचा हर्बल हात

रविवारी आत्या आली आणि चहा उकळायच्या आत तिचा हात कोपरापर्यंत माझ्या टाकीत होता. गप्पींना कुरवाळायला. नर गप्पी जेमतेम तीन सेंटिमीटरचा. त्याला नक्की कुठे कुरवाळतात, हे तिलाच ठाऊक.

हाताला सनस्क्रीन, त्यावर गुलाबाच्या वासाचं क्रीम. मिनिटभरात पाण्यावर इंद्रधनुष्य उमटलं.

"अगंबाई, काय सुंदर रंग!"

"आत्या, ते तेल आहे. तुझ्या क्रीमचं."

"हर्बल आहे रे, केमिकल औषधालाही नाही. मी रोज तोंडाला लावते. मला कधी काही झालं?"

"तू कल्ल्यांनी श्वास घेत नाहीस."

यावर तिने असं पाहिलं, जणू मी तिच्या नाकाला नावं ठेवली.

मग मी गेळफळाचा, म्हणजे त्या रानफळाचा, विषय काढला. ओढ्याच्या डोहात कुटलेली गेळफळं टाकली की मासे गुंगून वर येतात. शंभर टक्के हर्बल! त्यातलं सॅपोनिन साबणासारखा फेस करतं आणि कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांवर घाव घालतं.

"ते मासे आम्ही खाल्लेत," आत्या म्हणाली. "कुणाला काही झालं नाही."

इथे माणूस हरतो.

तेलाचा तवंग हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरू देत नाही. क्रीममध्ये तेल-पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ असतात, ते माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि कल्ले बिघडवतात. मासे वर येऊन तोंडं वासायला लागले, की समजायचं. टाकीत झिंगे असतील तर आधी तेच जातात. डासांचं मलम तर याहून वाईट.

पाहुणे दिवाणखान्यात, मी बादल्या वाहतोय. टाकी ६० लिटरची, त्यातलं २० लिटर बदललं. सगळं बदललं तर मासे धक्क्यानेच जातात. नवं पाणी त्याच तापमानाचं, क्लोरीन घालवलेलं. त्याआधी तवंगावर टिश्यू पेपर आडवा पसरायचा आणि एका कोपऱ्याने अलगद उचलायचा, तीन-चार वेळा. एअर पंप पूर्ण जोरात चालू ठेवायचा. जाळीच्या पिशवीत मूठभर ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे घाण शोषणारा कोळसा, धुऊन फिल्टरमध्ये. दोन-तीन आठवड्यांनी तो फेकायचा, कारण तोवर तो भरलेला असतो.

खरं तर हे सगळं टळतं. हात कोपरापर्यंत, नखांच्या खाचांसकट, बिनवासाच्या साबणाने धुवायचे आणि कातडी बोटाखाली करकरेपर्यंत पाण्याखाली धरायचे. घामाला न हटणारं सनस्क्रीन नुसत्या पाण्याला काय भीक घालणार? सॅनिटायझर वाळला तरी त्यातलं ग्लिसरीन हातावर राहतंच. त्यापेक्षा बिनपावडरचे लांब हातमोजे नाहीतर लांब चिमटा बरा. आणि टाकीची बादली वेगळी. आमची वेगळीच आहे, तिच्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहिलंय, तरी त्यात फिनेल कालवलं जातंच. घरात अक्षरओळख फक्त मलाच आहे, असं माझं मत होत चाललंय.

"मासे पाळतोस की दवाखाना चालवतोस?" आत्याने दारात चपला घालता घालता विचारलं. घरात पाणी साठवलंय म्हणजे डास होणारच, असं म्हणून तिने पर्समधून मलम काढलं आणि माझ्या मुलीच्या दोन्ही हातांना चोळलं. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे आरोग्य खात्याने भिंती रंगवून सांगितलेलं, तेही आत्यापर्यंत पोचलेलं नाही.

मुलगी तशीच माशांना खाणं घालायला धावली.