वाल्तेल्लिना, बरोलो आणि दगडी गडगे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. उत्तर इटलीतल्या वाल्तेल्लिना दरीच्या लाल वाइनचं मी भरभरून कौतुक केलं, ते वाचून तुम्ही तिथल्या सास्सेल्ला या उपविभागाची बाटली मिळवलीत आणि तुमचा हिरमोड झाला. तुमची तक्रार अशी : रंग ‘कोकम सरबतासारखा’, चव आंबट-तुरट, किंमत मात्र बरोलो या पिएमोंते प्रांतातल्या नामांकित इटालियन लाल वाइनच्या जवळ जाणारी. शिवाय मी वाइनपेक्षा दगडी भिंतींचंच वर्णन जास्त केलं. या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्या भिंतींतच आहेत.

अद्दा नदीची ही दरी कोमो सरोवराच्या वरच्या अंगाला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत पूर्व-पश्चिम पसरली आहे. त्यामुळे तिची उत्तरेकडची, दक्षिणेला तोंड असलेली बाजू दिवसभर उन्हात असते. पण उतार इतका खडा, की माती तिथे ठरतच नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी चुना-सिमेंट न घालता दगडावर दगड रचून गडगे उभारले. सगळे मिळून सुमारे २,५०० किलोमीटर. आतली बरीचशी माती खालच्या सपाटीवरून पाठीवर वाहून आणलेली. हे दगड दिवसा तापतात आणि रात्री ती ऊब वेलींना देतात. नेबिओलो हे उशिरा पिकणारं द्राक्ष. आल्प्समध्ये, ३०० ते ७०० मीटर उंचीवर ते पिकतं ते या उन्हाच्या आणि गडग्यांच्या जोरावर. रात्री गार असल्यामुळे पिकतानाही त्याचा आंबटपणा उतरत नाही. तुमच्या जिभेला जो लागला तो हाच. तो वजा केला तर जे उरेल त्याला मी वाल्तेल्लिना म्हणणार नाही.

आता किंमत. या पायऱ्यांवर ट्रॅक्टर चढत नाही. एका हेक्टरला वर्षाकाठी हजाराहून जास्त तासांची मेहनत लागते, तीही हातांची. काही ठिकाणी तोडलेली द्राक्षं हेलिकॉप्टरने खाली आणतात. ऐकायला चैन वाटते, पण तिथे तो नाइलाज आहे. असे गडगे रचण्याच्या कलेला युनेस्कोने २०१८ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, इटलीसह आठ देशांच्या नावे. मान मोठाच, पण ढासळलेला गडगा पुन्हा रचून देणारा माणूस काही त्याने मिळत नाही. सगळी लागवड हजार हेक्टरांच्या आत. बरोलोची याच्या दुपटीहून जास्त आहे. तेव्हा बाटली स्वस्त कशी असावी?

रंगाबद्दल मात्र तुमचा नेम चुकला. बरोलोही नेबिओलोचीच असते, आणि तीही फिकटच. या द्राक्षाचा रंग मुळात हलका आणि तुरटपणा दणदणीत. गडद म्हणजे दमदार ही सवय आपल्याला काबर्ने आणि शिराझ या द्राक्षांनी लावली.

वाल्तेल्लिनाला तुम्ही ‘बरोलोची गरीब बहीण’ म्हणालात, तेही पटत नाही. १५१२ ते १७९७ ही दरी आजच्या स्वित्झर्लंडमधल्या ग्रिझन्सच्या ताब्यात होती. वाइन खिंडी ओलांडून उत्तरेकडे जायची आणि तिकडचं गिऱ्हाईक आजही टिकून आहे. बरोलोला पिएमोंतेचा राजदरबार मिळाला, हिला खेचरांचे तांडे. नावलौकिकातल्या फरकाचं बरंचसं कारण मला तरी यात दिसतं. लिओनार्दो दा विंचीने मात्र आपल्या टिपणांत या दरीतल्या जोरकस वाइनची नोंद करून ठेवली आहे.

तुम्ही विचारलंत, मग अंगाने भरलेली वाइन तिथे होतच नाही का? होते : स्फोर्झातो. द्राक्षं तोडून हवेशीर माळ्यांवर डिसेंबरपर्यंत सुकवतात, वजन एक तृतीयांशाहून अधिक घटतं आणि मग रस काढतात. मद्यांश किमान १४ टक्के, तरी गोड नाही. २००३ साली तिला डीओसीजी हा इटलीतला सर्वांत वरचा दर्जा मिळाला. तुम्हाला ती नक्की आवडेल. मला ती एका पेल्यापुढे जड होते. माझा जीव साध्या, न सुकवलेल्या द्राक्षांच्या ‘वाल्तेल्लिना सुपेरिओरे’त.

एका मुद्द्यावर आपलं जमतं. सास्सेल्ला, ग्रुमेल्लो, इन्फेर्नो, वाल्जेल्ला, मारोज्जा या पाच उपविभागांच्या चवी डोळे मिटून ओळखण्याचा दावा कोणी केला, तर मीही हसेन. बनवणाऱ्याचा हात जास्त बोलतो. लेबलवर आधी त्याचंच नाव बघावं. आरपेपेसारखे उत्पादक वाइन मोठ्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवतात. नीनो नेग्री या दुसऱ्या उत्पादकाची ओळख मुख्यतः स्फोर्झातोमुळे.

पुन्हा प्रयत्न करणार असाल तर आधी रोस्सो दि वाल्तेल्लिना घ्या. ती कमी मुरवलेली, स्वस्त आणि लवकर पिण्याजोगी असते. सुपेरिओरे किमान दोन वर्षं मुरवूनच बाजारात येते, पण तेव्हाही बरेचदा कोवळीच असते. ती आणखी काही वर्षं ठेवा, आणि प्यायच्या आधी तासभर उघडून ठेवा. सोबत काहीतरी स्निग्ध हवंच. तिकडे पित्सोक्केरी करतात : कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, भरपूर लोणी आणि कासेरा चीज. तुम्ही ती बाटली नुसतीच प्यायलात असं लिहिलंय. एवढी तुरट वाइन रिकाम्या तोंडी मलाही जात नाही.