भाऊजी, हा सीन थिएटरमध्ये नव्हता

तीन तासांचा पिक्चर आवडला नाही तर माणूस उठून जाऊ शकतो, पण मेहुण्याने आग्रहाने लावलेला पिक्चर आवडला तरी मध्ये उठता येत नाही. त्यातून तो मेहुणा लॉर्ड ऑफ द रिंग्जवाला असेल आणि त्याच्या कपाटात एक्स्टेंडेड एडिशनचे, म्हणजे थिएटरात नसलेले सीन घालून लांबवलेल्या आवृत्तीचे, डीव्हीडी सेट असतील तर जावयाचा मान वगैरे विसराच, पाणी प्यायला उठायचं तरी आधी पॉजची विनंती करावी लागते आणि ती मान्य होईलच असं नाही, कारण "भाऊजी दोन मिनिटं, आत्ता एक नवीन शॉट येतोय".

विषय निघाला तो जेवताना. मी म्हणालो, हो, बघितलेत मी तिन्ही. तर म्हणे, "कुठले बघितलेत?" आता कुठले म्हणजे काय, तीनच तर आहेत. २००१, २००२, २००३, दर डिसेंबरला एक असे आले, फ्रोडो नावाचा हॉबिट, म्हणजे एका छोट्या चणीच्या जमातीतला, घातक अंगठी घेऊन निघतो, तिसऱ्यात एकदाची ती ज्वालामुखीत पडते, त्या तिसऱ्याला अकरा नामांकनं होती आणि अकराच्या अकरा ऑस्कर मिळाले, एवढं सामान्यज्ञान मलाही आहे. पण मेहुण्याचा चेहरा असा काही पडला की मला वाटलं नात्यातलं कुणी गेलं की काय. "म्हणजे थिएटरवालेच ना," तो म्हणाला, "मग तुम्ही बघितलेच नाहीयेत." मी काही बोलणार तोच सासूबाई हळूच म्हणाल्या, "नाही म्हणू नका त्याला. नाही म्हटलं की तो तोंडी सांगतो."

हिशोब सांगतो म्हणजे प्रसंगाचं गांभीर्य कळेल. थिएटरात तिन्ही मिळून सव्वानऊ तासांच्या आसपास होतात. एक्स्टेंडेडमध्ये पहिला २०८ मिनिटं, दुसरा २२३ आणि तिसरा २५१, म्हणजे अकरा तास बावीस मिनिटं, आणि हे झालं न थांबता बघितलं तर. आमच्याकडे दर पाच मिनिटांनी पिक्चर थांबतो आणि मेहुणा सुरू होतो, तो वेळ कुठल्याच डब्यावर छापलेला नाही.

सेट मात्र देखणे आहेत, खोटं कशाला बोलू. जुन्या चामडी बांधणीच्या पुस्तकासारखं कव्हर, पहिल्याचं हिरवं, दुसऱ्याचं लाल, तिसऱ्याचं निळं, आत पुठ्ठ्याची घडी, ती उलगडत जायची आणि एकेक डिस्क दिसत जाते, अशा चार. दोनांवर पिक्चर आणि उरलेल्या दोनांवर तो पिक्चर कसा केला त्याची साग्रसंगीत कहाणी. सोबत एक पुस्तिका, त्यात सीनची यादी आणि नवीन सीनपुढे चांदणी. ती चांदणी बघायची गरज मेहुण्याला कधीच उरलेली नाही. डिस्क काढताना तो मधलं बटण अंगठ्याने दाबतो, कडेला दोनच बोटं लावतो, उजेडात तिरकी धरून बघतो, हलकासा श्वास सोडतो आणि चष्म्याच्या फडक्याने मधून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत पुसतो. गोल पुसायचं नाही म्हणे, ओरखडा ट्रॅकच्या बाजूनेच गेला तर प्लेयरला वाचता येत नाही. माझी बायको म्हणते, एवढ्या निगुतीने याने आयुष्यात दुसरं काही धरलं असेल तर दाखवा.

तर बसलो. पहिल्याच भागात फ्रोडोचा म्हातारा नातलग बिल्बो टेबलाशी बसून हॉबिट लोकांविषयी पुस्तक लिहीत असतो, त्यांना काय आवडतं, ते कसे जगतात, मजेशीर आहे, मी हसलो. "नव्हतं!" मेहुणा. म्हटलं बरं. पुढे गॅलाड्रिएल नावाची जादुई एल्फ स्त्री एकेकाला भेटी देते. "नव्हतं, म्हणजे थोडंसं होतं, पण असं नव्हतं." मग गिमली हा बुटका योद्धा नावेत बसून सोबतच्या लेगोलासला सांगतो की मी तिच्याकडे तिच्या केसांतला एक केस मागितला आणि तिने तीन दिले. इथे पॉज. कारण हे तीन केस का महत्त्वाचे हे कळायला हजारो वर्षं मागे जावं लागतं, आधी कुणीतरी मागितले होते आणि तेव्हा तिने दिले नव्हते, हे सगळं मेहुण्याने हातवारे करून सांगितलं आणि बिचारा गिमली तेवढा वेळ तोंड अर्धं उघडं ठेवून नावेत अडकून पडला होता.

काही वेळाने मी पिक्चर सोडून मेहुण्याकडेच बघायला लागलो. त्यातून मला एक उपयुक्त शोध लागला. नवीन सीन यायच्या आधी तो सोफ्यावर चार बोटं पुढे सरकतो. मागे टेकला म्हणजे थिएटरवालं चालू आहे, तेवढ्यात आपण खुशाल डोळे मिटावेत, सोफ्याचा स्प्रिंग वाजला की उघडावेत आणि "अरे वा, हे नव्हतं ना?" म्हणावं. पहिल्यांदा असं म्हणालो तेव्हा त्याने माझा हातच धरला हो.

पहिली डिस्क कुठे संपते माहितीये का? अंगठीचं काय करायचं यावर एल्रॉन्डकडे झालेल्या त्या लांबलचक मीटिंगनंतर सोबत जाणारे नऊ जण ठरतात, आणि त्यांतला पिप्पिन विचारतो की बरं, पण आपण चाललोय कुठे. बस, संपली. मीही तेच विचारणार होतो. तर मेहुणा म्हणाला, थांबा, गंमत दाखवतो, आणि मेन्यूत जाऊन सीनच्या यादीच्या शेवटच्या पानावर रिमोटचं खालचं बटण दाबलं, तर एक छोटी अंगठी उगवली. ती दाबली की जॅक ब्लॅक या विनोदी नटाने केलेली त्याच मीटिंगची टवाळी सुरू होते. म्हणजे मीटिंग परत! मनात म्हटलं, या लोकांनी लपवून ठेवलेलं निदान लपलेलं तरी राहू द्यायचं.

दुसऱ्या भागात राजाची भाची एओविन अरागॉर्नला, म्हणजे पुढे राजा होणाऱ्या नायकाला, स्वतः केलेलं कालवण आणून देते, ते इतकं भयानक असतं की तो माणूस नजर चुकवून टाकून द्यायच्या बेतात असतो, आणि त्याच गप्पांत कळतं की त्याचं वय सत्त्याऐंशी आहे. सत्त्याऐंशी! तो तलवार लावून घोड्यावरून हिंडतोय आणि मी इथे पाठीला दोन उशा लावून, एक पाय स्टुलावर घेऊन बसलोय. याच भागात तो हेल्मेटला लाथ मारून किंचाळतो तो सीन आहे, आणि या सीनला प्रत्येक फॅनला उचकी लागल्यागत एक गोष्ट सांगावीच लागते. मेहुण्याने तोंड उघडलं, पण तेवढ्यात कपड्यांचा ढीग घेऊन चाललेल्या सासूबाई टीव्हीकडे न बघताच म्हणाल्या, "खरंच मोडली हो पायाची बोटं त्या नटाची, दोन," आणि गेल्या. मेहुणा बराच वेळ गप्प होता. त्या दिवसातली तेवढीच शांतता.

तक्रार करायची म्हणून सगळ्यालाच नावं ठेवणार नाही. बोरोमिर आणि फारामिर हे दोघं भाऊ ओस्गिलियाथ शहर परत जिंकून खुशीत असतात, आणि तिथे त्यांचा बाप येऊन थोरल्याचं कौतुक करतो, धाकट्याला सगळ्यांदेखत घालून पाडून बोलतो आणि थोरल्याची इच्छा नसताना त्यालाच अंगठी आणायला पाठवतो. हा सीन थिएटरात नव्हता आणि का नव्हता ते मला अजून कळलेलं नाही. थिएटरात फारामिर मला उगीच आडमुठा वाटला होता. इथे बापाच्या एका नजरेत सगळा उलगडा होतो. इथे मी स्वतःहून म्हणालो, मागे घे रे जरा, परत बघू. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की आता हाही गेला.

तिसऱ्याचं मात्र मला पटलेलं नाही. सरूमान या दुष्ट जादूगाराचं ठीक आहे, दोन पिक्चरभर ज्याने उच्छाद मांडला त्याला थिएटरवाल्या तिसऱ्यात चक्क गायब केला होता, टॉवरात कोंडलाय म्हणे, विषय संपला. सरूमान झालेला नट क्रिस्टोफर ली त्यावर नाराज झाला होता आणि बरोबरच होतं त्याचं. एक्स्टेंडेडमध्ये त्याला रीतसर मरण मिळतं, पाठीत सुरा आणि मग वरून थेट काटेरी चाकावर. इथेही पॉज, कारण पाठीत सुरा बसलेला माणूस कसा आवाज काढतो हे लीने उलट डायरेक्टर पीटर जॅक्सनलाच ऐकवलं होतं, दुसऱ्या महायुद्धात होता ना तो.

पण ते भुतांचं सैन्य! थिएटरात अरागॉर्न त्यांना विचारतो की लढणार का आणि सीन तिथेच तुटतो, मग थेट बंदरावर जहाजातून तो उडी मारतो आणि मागून हिरवी भुतं, सगळ्या थिएटरने शिट्ट्या मारल्या होत्या. इथे ती भुतं आधीच येऊन सांगून जातात, येतो आम्ही. गेली की मजा. वर त्या कवट्यांचा धबधबा, त्यातला एक शॉट तर ऑस्कर मिळाल्यानंतर, २००४ मध्ये घेतलाय. बेस्ट पिक्चरचं बक्षीस घरी नेऊन ठेवलं आणि त्याच पिक्चरच्या शूटिंगला गेले! आणि मुख्य खलनायक सॉरॉनचा तो दात विचकणारा दूत बोलणी करायला येतो तर अरागॉर्न बोलता बोलता त्याचं मुंडकंच उडवतो. दूताला मारत नाहीत हे बिभीषणाने रावणाला सांगितलं होतं आणि रावणानेसुद्धा ऐकलं होतं, आणि हा म्हणे राजा होणार.

हे मी बोलून दाखवलं. वर हेही ऐकवलं की खुद्द जॅक्सन याला डायरेक्टर्स कट म्हणत नाही, थिएटरवालाच त्याच्या मते पक्का. मेहुणा शांतपणे म्हणाला, "त्याला काय कळतंय."

शेवट तर एकदा होतच नाही. स्क्रीन काळी होते, आपण उठतो, परत उजाडतं, आपण बसतो. शेवटी खरोखरच नावं सुरू झाली तेव्हा मी चपला शोधायला लागलो, तर म्हणे बसा, आता फॅन क्लबची नावं आहेत. पिक्चरशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांची नावं, कित्येक मिनिटं वर वर सरकत, जशी काही मतदार यादी. मेहुणा तीही बघतो. ओळखीचं कुणी आहे का विचारलं तर नाही म्हणाला, पण हे आपलेच लोक.

मग त्याने निळं कव्हर बंद केलं आणि परत हिरवं उघडलं. प्रत्येक पिक्चरवर चार कॉमेंट्री ट्रॅक आहेत, डायरेक्टर आणि लेखकांचा वेगळा, डिझाइनवाल्यांचा वेगळा, प्रॉडक्शनवाल्यांचा वेगळा, कलाकारांचा वेगळा, म्हणजे तेच अकरा तास परत चार वेळा. "डिझाइनवाल्यांपासून सुरू करू या भाऊजी, चिलखताच्या कड्या कशा जोडल्या ते ऐकाच." नेमकी तेव्हाच बेल वाजली आणि मेहुणीबरोबर साडू आत आले. भला माणूस, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, घरात सगळ्यांशी नम्र. टीव्हीवर मेन्यूचं संगीत चालू होतं. "अरे, लॉर्ड ऑफ द रिंग्ज का? मस्त आहेत, मी बघितलेत तिन्ही," ते म्हणाले.

मी सोफ्यावरची माझी जागा हाताने झटकली, दोन्ही उशा नीट लावल्या आणि मेहुण्याला म्हटलं, "यांना विचार ना, कुठले बघितलेत."