एका नो-हिटरपुरता नव्हता जिम ॲबट

बेसबॉलपटू जिम ॲबटवरचा लेख आवडला, पण सगळा भर ४ सप्टेंबर १९९३ च्या नो-हिटर सामन्यावर गेला. यँकीज संघाकडून खेळताना क्लीव्हलँडला एकही हिट (चेंडू मारून बेस गाठणं) न देणं मोठंच, तरी उजवा पंजा जन्मतःच नसलेल्या या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, खरी कमाल रोज, प्रत्येक चेंडूला दिसायची. ग्लव्ह उजव्या हाताच्या टोकावर टेकवलेला. डाव्या हाताने चेंडू टाकला की त्याच क्षणी तो हात ग्लव्हमध्ये. चेंडू अंगावर आला तर झेलायचा, ग्लव्ह काखेत दाबायचा, चेंडू काढायचा आणि पहिल्या बेसवर फेकायचा. बंट मारून, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच जवळ ढकलून, त्याला अडचणीत आणू पाहणारे कितीतरी बॅटर बाद झाले!

१९९१ चा उल्लेख तरी हवा होता. एंजल्स संघाकडून १८ विजय, ईआरए (दर नऊ डावांमागे पिचरने दिलेल्या धावांची सरासरी) २.८९, सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तिसरा. आणि १९९६ ही लपवू नये, २ विजय, १८ पराभव. कुणीही खचला असता. पण १९९८ मध्ये व्हाइट सॉक्स संघाकडून परतला आणि पाचही सामने जिंकला. मला तर नो-हिटरपेक्षा हे पाच विजय जास्त मोलाचे वाटतात.