छाटलेल्या अष्टफलकाच्या नावावर खपणारी तीन विधानं

छाटलेल्या अष्टफलकाचं चित्र आणि त्याखाली तीन वाक्यं, असा मजकूर नेहमी फिरत असतो: 'घन सोडला तर जागा फटीविना भरणारा हा एकमेव ठोकळा. सर्वांत कमी पृष्ठफळात जागेची समान वाटणी हाच करतो, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी सिद्ध केलं. म्हणून फेसातले बुडबुडे याच आकाराचे असतात.' मला हा ठोकळा फार आवडतो, म्हणूनच त्याच्या नावावर खोटं खपवलेलं बघवत नाही.

आधी खरं काय ते. आठ समभुज त्रिकोणांनी बनलेल्या अष्टफलकाच्या प्रत्येक कडेचे तीन समान भाग करायचे आणि सहाही टोकं जवळच्या खुणांपाशी कापून टाकायची. उरतात ६ चौरस आणि ८ नियमित षटकोन. दोन षटकोनांमधला कोन १०९.४७ अंश, चौरस आणि षटकोनामधला १२५.२६ अंश. ठोकळे रचले की प्रत्येक कडेभोवती तीन येतात: एकाचा पहिला कोन, दोघांचा दुसरा. बेरीज ३६०, फट नाही. ठोकळ्याच्या ३६ कडाही त्याच प्रमाणात आहेत, पहिल्या प्रकारच्या १२ आणि दुसऱ्या प्रकारच्या २४. हे पहिल्यांदा जुळवून पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकड्यांकडेच बघत बसलो होतो.

आता 'एकमेव'. षटकोनी लोलकही जागा भरतो. बारा समभुज चौकोनांचा द्वादशफलकही भरतो. न फिरवता, नुसते सरकवून जागा भरणारे बहुफलक (सपाट पृष्ठांचे ठोकळे) पाच प्रकारचे आहेत, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव्ह यांनी १८८५ मध्येच दाखवलं. खरं विधान एवढंच की आर्किमिडीजच्या १३ अर्धनियमित बहुफलकांपैकी (दोन-तीन प्रकारच्या नियमित बहुभुजांनी बनलेले, सगळे कोपरे सारखे असलेले) एकट्याच्या बळावर जागा भरणारा हा एकच.

भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिन यांनी १८८७ मध्ये कमीत कमी पृष्ठफळात जागेच्या समान वाटणीचा प्रश्न मांडला आणि उत्तर सुचवलं. सिद्धता दिली नाही. शिवाय त्यांचा ठोकळा चित्रातला नव्हेच. पृष्ठफळ कमीत कमी ठेवू पाहणारे साबणाचे पडदे कडेवर तिघे मिळून १२० अंशांनी भेटतात आणि कोपऱ्यात येणाऱ्या चार कडा एकमेकींशी १०९.४७ अंश करतात. सपाट ठोकळ्याच्या कोपऱ्यात कडांमधले कोन ९०, १२० आणि १२० आहेत. १०९.४७ हा आकडा त्यात आहे खरा, पण पृष्ठांमध्ये, म्हणजे नको त्या जागी. म्हणून केल्व्हिन यांनी षटकोनांना हलकासा बाक दिला. घनफळ १ धरलं तर पृष्ठफळ घनाचं ६, सपाट ठोकळ्याचं ५.३१५, केल्व्हिन यांच्या बाकदार ठोकळ्याचं ५.३०६.

शंभराहून अधिक वर्षं ते उत्तर टिकलं. मग १९९३ मध्ये वेअर आणि फेलन या भौतिकशास्त्रज्ञांनी समान घनफळाच्या दोन वेगळ्या आकारांची रचना संगणकावर शोधली. एका आकाराला १२ पृष्ठं, सगळे पंचकोन. दुसऱ्याला १४, त्यांत १२ पंचकोन आणि २ षटकोन. तिचं सरासरी पृष्ठफळ ५.२८८, म्हणजे सुमारे ०.३ टक्के कमी. याहून कमी शक्यच नाही, हे मात्र तिच्याबाबतीतही सिद्ध झालेलं नाही.

राहिला फेस. १९४६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एडविन मॅट्झके यांनी सारख्या आकारमानाचे बुडबुडे बनवून फेसाच्या आतले ६०० बुडबुडे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून तपासले. केल्व्हिन यांचा आकार एकदाही सापडला नाही. सर्वाधिक पृष्ठं पंचकोनी होती, आणि छाटलेल्या अष्टफलकात पंचकोन एकही नाही.