पॉलिशमध्ये सगळं झाकून जातं!

घरात लाकडी काम काढताय? वा! मी नुकताच त्यातून सुटलोय, तेव्हा चार युक्तीच्या गोष्टी ऐकून ठेवा.

पहिलं म्हणजे, भर पावसाळा गाठा. माझ्या पुण्याच्या फ्लॅटचं काम जुलैत झालं. बाहेर धो धो, आत भिंतींना घाम, आणि तशा हवेत दारावर मेलामाइन पॉलिशचा हात मारला की सागाच्या रेघांवर काय सुंदर पांढुरका धूर चढतो! लोक पैसे मोजून 'अँटिक' करून घेतात, मला फुकटात मिळालं.

सुताराच्या पिशवीत गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, दिसला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता चौकटीभोवतीची पट्टी. बेडरूमच्या दाराला ३ इंची सागाची मोल्डिंग पट्टी लावायची होती. वरच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या भेटतात, तिथे प्रत्येकीला ४५ अंशांचा काप. पण चौकट गुण्यात असेल तर ना! माझ्या चौकटीचा कोपरा ९२ अंश भरला. मग काप पट्टीच्या कडेशी ४६ अंशांचा घ्यायचा (मशीनवर ती खूण ४४ ची), आधी रद्दी तुकड्यांवर लावून बघायचा, एवढंच. पण इतका हिशोब कोणी करायचा? मशीनवर ४५ ची खूण आयतीच असते. घेतला काप, ठोकली पट्टी. आतल्या बाजूला फट. मी स्टुलावर चढून रुपयाचं नाणं घालून पाहिलं. गेलं. दुसरं घातलं, तेही गेलं. तिसरं काढतोय तोच कंत्राटदार आले. "काय साहेब, लक्ष्मी ठेवताय का?"

मी फट दाखवली.

"ते होय? लांबी भरू की, भुशाचा लगदा! पॉलिशमध्ये सगळं झाकून जातं."

त्यांच्या शिकाऊ पोराने भुसा फेविकॉलमध्ये कालवला, बोटाने फटीत लिंपला, वर घासायचा कागद फिरवला. सागाने रंग प्यायला, छान तांबूस झाला. फेविकॉल काही रंग पीत नाही. ती रेघ फिक्कीच राहिली, कपाळावरच्या जुन्या जखमेच्या व्रणासारखी. रात्री पलंगावर पडलं की बरोब्बर डोळ्यांसमोर. अहो, पॉलिशमधून लाकूड दिसावं म्हणून तर पॉलिश करतात! झाकायचंच होतं तर तेलरंग फासला असता की, सागाचे पैसे कशाला मोजले मी? पॉलिशमध्ये खिळ्याचं डोकं दिसतं, फेविकॉलचा ओघळ दिसतो, आडव्या मारलेल्या कागदाचा एकेक ओरखडा दिसतो. दिसत नाही ते फक्त कंत्राटदाराला!

असो. कागदावरून आठवलं: ८० नंबरचा मारून झाला की थेट सीलर, म्हणजे पॉलिशआधीचा थर. १२०, २२०, ३२० हे आकडे मटक्याचे आहेत असं समजा.

दाराची वरची आणि खालची कड कोरीच ठेवा. तिथे कोण वाकून बघतंय? पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकेल, तेव्हा बाजूने रंधा मारून घ्या. उन्हाळ्यात ते आकसलं की त्या फटीतून शेजारच्या खोलीतला टीव्ही बघता येतो.

आणि नव्वद टक्के पैसे आधीच देऊन टाका. उरलेल्या दहात फिनिशिंग आपोआप होतं.

जाऊ दे, माझ्याच्याने आता गोड बोलवत नाही. कंत्राटदार साहेब, जोड चुकला तर पट्टी काढायची आणि दुसरी कापायची. अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्याकडे कारागीर नाही असंही नाही. पहिल्या आठवड्यात ते वयस्कर मिस्त्री होते, पेन्सिल कानावर, प्रत्येक तुकडा डोळ्यासमोर धरून बघायचे. त्यांना दुसऱ्या साइटवर पळवलंत, इथे शिकाऊ पोरगं एकटं सोडलंत, आणि बिल लावलंत मिस्त्रीच्या दराचं! त्या पोराला कोणी काप कसा घ्यायचा ते एकदा तरी दाखवलं का?

आणि वाचणारे तुम्ही, हसू नका. 'गणपतीच्या आत पाहिजे' म्हणून मानगुटीवर बसता, स्क्वेअर फुटामागे वीस रुपये पाडून घेतल्याचं चारचौघांत सांगता. ते वीस रुपये पॉलिशच्या थरांतूनच गेले, दुसरीकडून कुठून जाणार? मीही पाडले होते, तीस.

आता कंत्राटदार साहेब, पट्टी उचकटून पुन्हा लावा, नाहीतर राहिलेले पैसे विसरा. आणि उचकटाल तेव्हा माझे दोन रुपये परत द्या. नाणी तशीच आत ठेवून वरून लांबी भरलीय त्या पोराने.