जुळ्या भाच्या, एक पत्रिका

स्वभाव बऱ्याच अंशी जन्मजात असतो, हे मला मान्य आहे. जुळ्यांवरील अभ्यासांचा निष्कर्ष असा की, माणसामाणसांतील स्वभावभेदांपैकी साधारण ४० ते ५० टक्के भेदांचे मूळ आनुवंशिकतेत असते. मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी १९७९ मध्ये, लहानपणीच ताटातूट झालेल्या जुळ्यांचा अभ्यास सुरू केला. त्यात वेगळ्या घरांत वाढलेली एकसारखी जुळी स्वभावाच्या चाचण्यांत एकत्र वाढलेल्या जुळ्यांइतकीच मिळतीजुळती निघाली.

ज्योतिष मानणारे माझे स्नेही यावर खूश होतात; जन्मजात म्हणजे जन्मवेळेच्या पत्रिकेत लिहिलेला, असे ते म्हणतात. त्यांच्यापुढे मी माझ्या जुळ्या भाच्या ठेवतो. दोघींच्या जन्मात सहा मिनिटांचे अंतर. लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तीच, चंद्ररास तीच, नवमांश म्हणजे राशीचा नववा भागही तोच. तरीही दारावरची घंटा वाजली की एक रांगत दाराकडे धावे आणि दुसरी पदरात तोंड लपवी. एकसारख्या नसलेल्या जुळ्यांत, सख्ख्या भावंडांत असतो तेवढा फरक असणारच, असे जनुकशास्त्र सांगते. ज्योतिषी मात्र षष्ट्यंशाकडे, म्हणजे राशीच्या साठाव्या भागाकडे वळतात, कारण तो सुमारे दोन मिनिटांत बदलतो. पण मग एकसारख्या जुळ्यांच्या जन्मातही अशीच काही मिनिटे जातात, त्यांचे स्वभाव इतके का जुळावेत? घड्याळ दोन्ही जोड्यांना सारखेच लागू आहे. फरक आहे तो गर्भधारणेचा, एका बीजांडाचा की दोन. माझ्या मते हा प्रश्न इथेच निकालात निघतो.

तरीही पत्रिकेतले वर्णन पटते, हा अनुभव मी नाकारत नाही. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर वाटला, आणि त्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मजकूर बराचसा भविष्याच्या एका बाजारी पुस्तकातला होता.

माझी स्वतःची पत्रिका अनेक वर्षे रात्री साडेआठच्या जन्मवेळेवरून मांडलेली होती. ‘वरून कडक, आतून हळवा’ हे त्यातले वाक्य आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने वाचून दाखवी. पुढे जन्माचा दाखला सापडला आणि वेळ सकाळची निघाली. म्हणजे लग्नरास थेट समोरची. नवी पत्रिका आली, ती आईने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, “तरीच! अगदी तंतोतंत तू.”