माझगाव ते ऑस्बोर्न

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर राफेलवरून वाद पेटला. फ्रेंच लोक सगळं तंत्रज्ञान देत नाहीत, अडवून धरतात, असं कुणीतरी लिहिलं. त्यावर डोंबिवलीचा दादा म्हणाला, ‘मग द्या ना करार फेकून. तुमच्या ऑस्ट्रेलियाने एका सकाळीत फ्रान्सला घरी पाठवलं. कुणी काय वाकडं केलं त्यांचं?’ खाली अंगठ्यांची रांग.

मला राहवलं नाही. मी ॲडलेडला राहतो, फ्रान्सबरोबरच्या त्या करारातल्या पाणबुड्या जिथे बांधल्या जाणार होत्या, त्या ऑस्बोर्नच्या गोदीपासून वीस मिनिटांवर. ती सकाळ मी पाहिली आहे.

१६ सप्टेंबर २०२१. ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान मॉरिसन, अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन आणि ब्रिटनचे पंतप्रधान जॉन्सन एकत्र पडद्यावर आले, ऑकस या तिन्ही देशांच्या संरक्षण भागीदारीची घोषणा झाली, ऑस्ट्रेलियाने अणुऊर्जेवरच्या पाणबुड्या घ्यायचं ठरलं आणि फ्रान्सबरोबरच्या १२ डिझेल पाणबुड्या रद्द झाल्या. २०१६ साली ५० अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा म्हणून निवडलेला प्रकल्प तोवर ९० अब्जांवर गेला होता, हे मान्य. डिझेलच्या पाणबुडीला हवेसाठी वर यावं लागतं, अणुऊर्जेवरची आठवडेच्या आठवडे खाली राहते, हेही मान्य. पण १७ दिवस आधी, ३० ऑगस्टला, दोन्ही देशांच्या परराष्ट्र आणि संरक्षण मंत्र्यांनी संयुक्त निवेदनात याच पाणबुड्यांचं महत्त्व सांगितलं होतं. पंगतीला बसवायचं आणि पुढचं ताट ओढून घ्यायचं, याला मी कणखरपणा म्हणणार नाही. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ल द्रियाँ त्याला पाठीत वार म्हणाले. पॅरिसने कॅनबेरा आणि वॉशिंग्टनमधले आपले राजदूत परत बोलावले. अमेरिकेतून फ्रान्सने राजदूत माघारी बोलावण्याची ती पहिलीच वेळ.

वाकडं झालं, दादा. ऑस्ट्रेलियाच्या पुढच्या सरकारने फ्रेंच कंपनीला ५५.५ कोटी युरो देऊन प्रकरण मिटवलं. एकही पाणबुडी न मिळता एकूण ३.४ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर गेले, त्यात माझाही टॅक्स आहे. अमेरिकेची पहिली पाणबुडी २०३०च्या दशकात येणार. तोवर जुन्या कॉलिन्स पाणबुड्यांचीच डागडुजी.

आमच्या समोरच्या घरातला शेजारी त्या प्रकल्पावर ड्राफ्ट्समन होता. मंगळवारी संध्याकाळी फ्रेंचच्या क्लासला जायचा, फ्रान्समधल्या शेरबूरला राहूनही आला होता. घोषणा झाली त्या गुरुवारी तो अकराच्या सुमारास घरी आला आणि ड्राइव्हवेत गाडीतच बसून राहिला, जेवणाचा डबा मांडीवर. मी दोनदा दारापर्यंत गेलो. काय बोलावं ते सुचेना. पुढे त्याला दुसरी नोकरी मिळाली, पण पाणबुडीवरची नाही.

त्याला तसं बसलेलं पाहून मला बाबा दिसले. बाबा माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते. १९८१च्या जर्मन करारातल्या दोन पाणबुड्या, शाल्की आणि शंकुल, मुंबईत बांधल्या गेल्या. जोडाचा एक्स-रे निघायचा, मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी जोड खरवडून पुन्हा करायचा. १९८७ साली त्या करारात दलालीचे आरोप झाले आणि पुढच्या दोन पाणबुड्यांचा बेत सोडून दिला गेला. १९९४ला शंकुल नौदलात गेली आणि डॉकमधलं पाणबुडी बांधायचं काम थांबलं. नव्या पाणबुडीचं पोलाद कापलं गेलं ते २००६च्या डिसेंबरात. तोवर बाबा निवृत्त झाले होते. घरात नवं लोखंडी कपाट आलं, तेव्हा त्यांनी आधी त्याच्या जोडावरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता आत गेले. दलालीची चौकशी व्हायलाच हवी होती. पण त्यासाठी शिकलेल्या हातांना बारा वर्षं रिकामं ठेवायची काय गरज होती?

म्हणून १५ जानेवारी २०२५ला वाघशीर, माझगावात बांधलेली सहावी स्कॉर्पीन ही फ्रेंच बनावटीची पाणबुडी, नौदलात दाखल झाली, तेव्हा मी रजा टाकून घरी बसून तो सोहळा पाहिला. उशीर झाला, फार झाला. २०१६ला स्कॉर्पीनच्या गोपनीय कागदपत्रांची २२,४०० पानं फुटली, ती बातमी इथल्याच वृत्तपत्राने दिली. तरी २००५चा फ्रेंच करार भारताने मोडला नाही आणि सहाच्या सहा पाणबुड्या माझगावातून बाहेर पडल्या. ग्रुपवर मी लिहिलं, ‘आपण सहा बांधल्या. आम्ही एकही नाही.’

दादाचं उत्तर लगेच आलं. ‘आपण म्हणजे कोण आणि आम्ही म्हणजे कोण, ते एकदा ठरव.’

त्यावर मी काही लिहिलं नाही. इथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा माझा भारतीय पासपोर्ट रद्दचा शिक्का बसून परत आला. तो लग्नाच्या फोटोंबरोबर कपाटात आहे. दादाला त्याबद्दल मी कधी नीट सांगितलं नाही, बाबांनाही नाही.

मुलगा बारावी झालाय, त्याला ऑस्बोर्नला वेल्डिंगची ॲप्रेंटिसशिप हवी आहे. काल रात्री आम्ही दोघं सुरक्षा तपासणीचा फॉर्म भरत होतो. परदेशी नातेवाइकांची माहिती द्यायची होती. पहिलं नाव त्याने आजोबांचं घातलं आणि मला विचारलं, व्यवसाय काय लिहू? मी म्हटलं, लिही, निवृत्त वेल्डर, पाणबुड्या.